रांगेतली रिकामी जागा

पुष्पावतीअक्कांचा फोन आला तेव्हा वीणाक्कांच्या तोंडात इडली होती. त्यामुळे पहिली काही वाक्यं एकट्या अक्काच बोलल्या, आणि इतक्या मोठ्याने बोलल्या की पलीकडच्या टेबलावर बसलेल्या सुखदालाही सगळं ऐकू आलं.

“वीणा, अगं ती तुमची पेटी लाल डोळा वटारून बघायलीय माझ्याकडं. मी काही केलं नाही हं. आज आमच्याकडं कुलधर्म, मी मडीत आहे. ते रबराचं बटण गळ्यात घालून पुरण कसं वाटू? काढून ठेवलं.”

“कुठं ठेवलं अक्का?” वीणाक्कांनी घास गिळला.

“डब्यात. स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या. उगीच कुणाचा धक्का लागून वाजायला नको.”

“मी सांगत होतो, देवघरात खुंटीला अडकव म्हणून,” मागून मुकुंदराव म्हणाले. सोवळ्यातल्या बायकोच्या कानापाशी, अंग न लावता, फोन धरून उभं राहण्याची कामगिरी त्यांच्याकडे होती.

“रबर? देवघरात?” अक्कांनी त्यांना जागच्या जागी गप्प केलं.

वीणाक्का हसल्या. त्यांचं स्वतःचं घराणं तीन पिढ्या बसवनगुडीत, मडीचं सोवळं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. “सरी अक्का. नैवेद्य झाला की घाला परत. स्वल्प लवकर घाला, एवढंच.” फोन ठेवून त्या पुन्हा इडलीकडे वळल्या आणि सुखदाला म्हणाल्या, “बघ, आज देवाने सुट्टी दिलीय. मघापासून एक बटण वाजलं नाही.”

सुखदाने मान वर केली.

इंदिरानगरमधल्या या कंपनीचा धंदा सोपा होता. मुलं अमेरिकेत, जर्मनीत, फार झालं तर हैदराबादेत. आईबाप बेंगळुरात एकटे. त्या आईबापांच्या गळ्यात एक बटण घालायचं आणि हॉलमध्ये एक पेटी ठेवायची. पडलं, छातीत दुखलं, घाबरायला झालं, की बटण दाबायचं. पेटीतून आवाज यायचा, ‘आपला नंबर लागला आहे. कृपया पुन्हा दाबू नका, लवकरच आम्ही बोलू.’ आणि इथे वीणाक्कांच्या पडद्यावर नाव उमटायचं. मग वीणाक्का त्या पेटीतूनच बोलायच्या आणि ॲम्ब्युलन्स पाठवायची, शेजाऱ्याला उठवायचं की नुसतं चार शब्द बोलून धीर द्यायचा, ते ठरवायच्या. यंत्रं काहीही म्हणोत, कंपनी वीणाक्कांच्या आवाजावर चालली होती.

बटण आणि वीणाक्का यांच्यामध्ये मात्र एक रांग होती. ती सुखदाची.

नागपूरहून नवीनच आली होती तेव्हा, पेइंग गेस्टच्या खोलीत दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळे, तिने ती लिहिली होती. एका छोट्या, चटपटीत स्क्रिप्टिंग भाषेतली लहानशी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला जोडता येईल असा तयार तुकडा. तिला दोनच कामं यायची: आलेल्याला मागे उभं करणं आणि पुढच्याला बोलावणं. कोण उभा आहे, माणूस की बिल की पिझ्झाची ऑर्डर, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. म्हणूनच ती कुठेही चालायची. सुखदाने ती सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिली आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती आपापल्या कामाला जुंपू लागले. या कंपनीतही संदेश पाठवायला तीच, पावत्यांना तीच आणि बटणांनाही तीच. एकदा लिहिली आणि पुन्हा हात लावावा लागला नाही, याचा सुखदाला फार अभिमान होता. आईला फोनवर सांगायचीसुद्धा. आईला रांग म्हणजे रेशनची एवढंच माहीत, तरी ती कौतुकाने हं हं म्हणायची.

“मघापासून म्हणजे कधीपासून, वीणाक्का?”

“मी आले तेव्हा दोन-तीन झाले. त्यानंतर शांत.”

शनिवारी सकाळी शांत? शनिवारी सकाळी म्हातारी माणसं न्हायला बसतात, डोक्यावर पाणी घेताना बटणाला हात लागतो आणि वीणाक्कांना निदान चार जणांशी बोलावं लागतं. साबणाच्या फेसातून येणारे ते चार ‘सॉरी सॉरी’ म्हणजे शनिवार. स्टीलचा डबा, घट्ट झाकण, असं ती मनाशी म्हणाली.

तिने खण उघडला. तपासणीसाठी ठेवलेलं एक बटण त्यात होतं. तिने ते दाबलं. कोपऱ्यातल्या नमुन्याच्या पेटीने गोड आवाजात सांगितलं, आपला नंबर लागला आहे. दोघींनी वीणाक्कांच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत होतं: कुणीही प्रतीक्षेत नाही.

थोडं थांबून पुन्हा पाहिलं. कुणीही प्रतीक्षेत नाही.

“अय्यो,” वीणाक्का म्हणाल्या आणि त्यांनी इडलीचा डबा बाजूला सारला.

सुखदाने खुर्ची ओढली. या भाषेचं एक बरं होतं. चालू असलेल्या प्रोग्रामच्या आत खिडकीतून डोकवावं तसं डोकावता यायचं, एखादी ओळ लिहून त्याला प्रश्न विचारता यायचा. तिने ती खिडकी उघडली आणि रांगेला एकच प्रश्न विचारला, तुझ्यात किती जण आहेत?

उत्तर आलं, सहा.

एक तर तिने आत्ताच दाबलेलं बटण. मग बाकीचे पाच कोण? आणि पडदा म्हणतो कुणीच नाही.

झालं काय होतं ते तिला आता इतकं स्वच्छ दिसत होतं की लाज वाटावी. अक्कांनी झाकण लावलं, बटणाचा सिग्नल स्टीलमध्ये अर्ध्यावर तुटला, आणि पेटीने घाबरून ‘बटण हरवलं’ असा निरोप पाठवला. निरोपात नाव नव्हतं, काहीच नव्हतं. तो कोरा निरोप रांगेत जाऊन उभा राहिला. सुखदाची रांग कुणालाही उभं करून घ्यायची, तशी तिने ही रिकामी जागाही उभी करून घेतली. ती हळूहळू सरकत सगळ्यांच्या पुढे आली. आणि पुढच्याला बोलावताना सुखदाच्या लायब्ररीने तेच केलं जे तिला शिकवलं होतं: समोर कुणी दिसत नसेल तर रांग संपली समजायचं आणि परत फिरायचं. वाढपी बादली घेऊन एका रिकाम्या पानापाशी येतो, पंगत संपली म्हणून माघारी वळतो आणि पलीकडे बसलेले उपाशी राहतात, तसं. प्रत्येक वेळी परत तीच जागा, परत तेच माघारी वळणं.

“वीणाक्का, आत माणसं अडकलीत.”

“कोण?”

“तेच कळत नाहीये.”

नेमका त्याच वेळी यशोवर्धन आत आला. कंपनी त्याची. पुण्याचा, वयाने सुखदाएवढाच, आज इस्त्रीच्या शर्टात. एका मोठ्या हॉस्पिटल-साखळीची माणसं कंपनी पाहायला येणार होती आणि ती येऊन गेल्यावर कंपनी जगणार की नाही ते ठरणार होतं, म्हणून तर सुखदालाही सुट्टीच्या दिवशी बोलावलेलं.

“ते पार्किंगमध्ये आलेत,” तो म्हणाला. “एव्हरीथिंग ओके ना? हे काय, दोघी अशा का बघताय?”

सुखदाने दोन वाक्यांत सांगितलं. यशोवर्धनने दोन सेकंदांत उपाय काढला. आपल्याकडे संगणकावरचा पहिला, मधला आणि शेवटचा उपाय एकच असतो.

“रिस्टार्ट मार ना मग. उगीच काय सर्जरी करत बसतेस?”

“रांग मेमरीत आहे, यश. प्रोग्राम बंद केला की पाटी पुसली. कुणी बटण दाबलं होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही.”

“अगं, खरंच इमर्जन्सी असेल तर पुन्हा दाबतील.”

“आपली पेटी त्यांना सांगते पुन्हा दाबू नका.”

“ते आपण नंतर चेंज करू. आत्ता, प्लीज, ते लोक लिफ्टमध्ये असतील, आणि आपली मेन सिस्टिम हँग आहे. डू यू गेट इट? एवढ्यांचे पगार आहेत यावर. तुझाही.” बोलता बोलता त्याने स्वतःचा लॅपटॉप वीणाक्कांच्या टेबलावर ठेवला, उघडला. रिस्टार्टची कळ त्याच्याकडेही होती. मालकच तो.

सुखदा उठली आणि तिने त्याच्या लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं. त्याची बोटं मध्ये सापडता सापडता वाचली.

“सुखदा!”

“चार माणसं आहेत आत. चार जणांनी गळ्यातलं बटण दाबलंय आणि ती आपली वाट बघतायत. तू ते पुसून टाकलंस, तर मी त्या पाहुण्यांना लिफ्टपाशी गाठून सांगेन की काय पुसलंस.” भांडण्याची तिला सवय नव्हती, नोकरी गेली तर इंदिरानगरचं भाडं कसं भरायचं हेही डोक्यात येऊन गेलं. “मला थोडा वेळ दे.”

यशोवर्धन लाल झाला. हात मात्र त्याने झाकणावरून काढला. “थोडा म्हणजे थोडाच,” तो म्हणाला आणि जागचा हलला नाही, उभाच राहिला.

सुखदा पुन्हा बसली. आता काम म्हटलं तर एका ओळीचं होतं: पहिली रिकामी जागा सोडून दे, दुसऱ्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाचं नाव दाखव. कुणाला हलवायचं नाही, पुसायचं नाही, फक्त बघायचं. पण ती खिडकी मोठी वाईट होती. तिथे लिहिलेल्या ओळीत चूक निघाली की चूक दाखवून गप्प बसायचं सौजन्य तिच्यात नव्हतं. अख्खा प्रोग्राम कोसळायचा. मग रिस्टार्ट करायला यशोवर्धनचीही गरज नव्हती.

तिने ओळ लिहिली. वाचली. पुन्हा वाचली. कंस मोजले. करंगळी एंटरवर गेली.

आणि तिथेच थांबली.

“काय झालं?” यशोवर्धन म्हणाला. “मार ना.”

“एक मिनिट.”

अक्का फोनवर म्हणाल्या होत्या, पेटी लाल डोळा वटारून बघतेय. दिवा लाल झालेला बघून माणूस काय करतं? झाकण उघडून बघतं. बघितलं की पुन्हा लावतं. झाकण पुन्हा लागलं म्हणजे निरोप पुन्हा गेला, पुन्हा कोरा. ती जागा मध्येच कुठेतरी उभी असेल. आणि जिथे काहीच नाही त्याला नाव विचारलं की ही भाषा जागेवर मान टाकते, हे सुखदाला आपल्या नावाइतकं पाठ होतं. तिने करंगळी उचलली.

“वीणाक्का, अक्कांना फोन करा. विचारा, डबा किती वेळा उघडला.”

“डबा?” यशोवर्धनला हसावं की ओरडावं ते कळेना. “सुखदा, तू आत्ता कुणाचा डबा विचारतेयस?”

वीणाक्कांनी फोन लावला होता. घंटी वाजत राहिली. अक्का मडीत, त्या फोनला हात लावणार नाहीत. मुकुंदराव असतील तिथे असतील. घंटी वाजून वाजून बंद झाली. वीणाक्कांनी पुन्हा लावला. बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आणि कुणाचं तरी मोकळं हसणं. यशोवर्धनने दाराकडे पाहिलं, मग सुखदाकडे. त्याचा हात पुन्हा लॅपटॉपकडे गेला.

“हॅलो,” मुकुंदराव म्हणाले.

“अण्णा, वीणा बोलतेय. तो बटणाचा डबा, अक्कांनी कितीदा उघडला?”

“का गं? काही चुकलं का? आम्ही काही हे केलं नाही...”

“अण्णा, चुकलं नाही. कितीदा, तेवढं सांगा, बेगा, लवकर.”

पलीकडे नवरा-बायकोची थोडी बोलाचाली झाली. एकदाच, असं अक्कांचं म्हणणं. मी समोर उभा होतो, असं मुकुंदरावांचं. अखेर ते फोनवर परत आले. “एकदा ठेवताना, आणि मग दिवा विझला का बघायला एकदा. दोनदा झाकण लावलं.”

“दोन,” वीणाक्का म्हणाल्या.

म्हणजे सहातल्या दोन जागा कोऱ्या, एक सुखदाची तपासणीची. माणसं तीन. सुखदाने ओळ बदलली: जागा रिकामी असेल तर तिला काही विचारू नकोस, पुढे जा. मघाशी करंगळी खाली गेली असती तर ही तीन माणसं तिने स्वतःच्या हाताने पुसली असती. तिने एंटर दाबलं.

पडदा क्षणभर तसाच राहिला. मग नावं उमटली, एकाखाली एक.

फत्तेसिंगराव, हेब्बाळ. वसुमतीबाई, बोम्मसंद्र्याजवळची सोसायटी. सुधींद्रराव, इथलेच, इंदिरानगर. प्रत्येकापुढे बटण दाबल्याची वेळ होती. फत्तेसिंगरावांची वेळ वाचून वीणाक्कांनी तोंडावर हात ठेवला.

“खालचे दोघे तुम्ही घ्या,” सुखदा म्हणाली. “मी हेब्बाळला बोलते.” शनिवारी फोनवर वीणाक्का एकट्याच असायच्या. सुखदाने आजवर एकाही ग्राहकाशी बोलण्याची वेळ स्वतःवर येऊ दिली नव्हती. माणसांशी बोलायला लागू नये म्हणून तर ती या धंद्यात आली होती. तिने कानाला हेडफोन लावायचा प्रयत्न केला, वायर सापडेना, शेवटी पेटीचा आवाज सरळ स्पीकरवर घेतला.

“फत्तेसिंगराव? ऐकू येतंय का? मी सुखदा, बटणाच्या ऑफिसातून.”

स्पीकरमधून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. नळ उघडा असावा. बाकी काही नाही.

“फत्तेसिंगअण्णा!”

पाणी वाहत राहिलं. यशोवर्धन वाकून पडद्यावरची माहिती वाचत होता. वय अठ्ठ्याहत्तर, एकटे, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. ती शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. तो खिडकीपाशी गेला आणि त्याने फोन काढला.

“अण्णा, आवाज येत असेल तर काहीतरी बोला. नुसतं हूं म्हणा.”

आणि मग फार लांबून, हॉलच्या पलीकडच्या न्हाणीघरातून यावा तसा एक घोगरा, दमलेला आवाज आला.

“आला काय... माझा नंबर?”

सुखदाला रडू फुटणार होतं. तिने ओठ दाबून धरले. “आला अण्णा. तुमचाच नंबर. काय झालंय, सांगा.”

“घसरलो. डोकं नळावर आपटलं. टावेल धरलाय दाबून... भिजला सगळा. पाय हलत न्हाई.” थोडं थांबून, “हात बी आता दमला.”

“टॉवेल सोडू नका. कितीही दमला तरी सोडू नका. माणसं निघालीयत.”

निघाली होती की नाही, तिला ठाऊक नव्हतं. तिने मागे वळून यशोवर्धनकडे पाहिलं. तो एका कानाला ॲम्ब्युलन्स आणि दुसऱ्या कानाला हेब्बाळच्या सोसायटीचा वॉचमन असे दोन फोन लावून उभा होता. “चावी नहीं है तो ताला तोड़ दो, भैया! मैं बोल रहा हूँ ना, तोड़ दो! खर्चा मेरा!” सकाळपासून जपलेली शर्टाची इस्त्री काखेत ओली झाली होती. दारात हॉस्पिटलची ती तीन माणसं गळ्यात पाहुण्यांची पट्टी घालून उभी होती. त्यांना कुणी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. त्यांच्यातली एक बाई डॉक्टर असावी, ती पुढे आली, सुखदाच्या खांद्यावरून वाकली आणि हळूच म्हणाली, “कीप हिम टॉकिंग.”

बोलत ठेव म्हणे. सुखदाला घरच्यांशीही फोनवर पाच मिनिटांपुढे बोलायला सुचत नसे.

“अण्णा, तुम्ही नोकरी कुठे करत होता?”

“बोम्मसंद्र्याला. फोरमन होतो. वॉल्व्ह बनवायचो आम्ही.” मग नुसतं पाणी. मग, “पोरी, झोप यायलीय.”

“झोपायचं नाही. अण्णा, मला वॉल्व्ह म्हणजे काय ते सांगा. मला माहीत नाही.”

“माहीत न्हाई?” त्या आवाजात एक बारीकशी तिडीक आली, आणि त्या तिडकीने सुखदाला केवढा तरी धीर आला. “इंजिनेर न्हवं तू?”

“कॉम्प्युटरची. आम्हाला काहीच येत नाही.”

“तसंच असतंय,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

यावेळी ते फार वेळ गप्प राहिले. सुखदाने हाका मारल्या. डॉक्टर बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. पलीकडे वीणाक्का खालच्या आवाजात आधी वसुमतीबाईंना आणि मग सुधींद्ररावांना सांगत होत्या की काही हरकत नाही, न्हाताना सगळ्यांचाच हात लागतो. सुखदाला त्या क्षणी स्वतःचा, त्या लायब्ररीचा, तिचं कौतुक करणाऱ्या साऱ्या जगाचा मनस्वी राग आला. समोर कुणी दिसलं नाही तर रांग संपली समजायची! मागे वळून एकदा बघायला काय झालं होतं?

“अण्णा! फत्तेसिंगअण्णा!”

स्पीकरमधून धडधड असा आवाज आला. पुन्हा आला. लाकूड फुटल्याचा. मग धावत येणारी पावलं, कन्नडमधला गलका, कुणीतरी नळ बंद केला आणि ते पाणी एकदाचं थांबलं. “इद्दारे, इद्दारे!” कुणी ओरडलं.

“आहेत म्हणतायत,” वीणाक्का जागेवरून म्हणाल्या. “जिवंत आहेत.”

यशोवर्धन खिडकीखाली जमिनीवरच बसला.

पेटीतून आता सगळं जवळून ऐकू येत होतं. त्यांना उचलून हॉलमध्ये आणलं असावं. कुणीतरी कापड फाडत होतं. डॉक्टर बाईंनी पुढे होऊन इंग्रजीत आणि कन्नडमध्ये दोन-तीन सूचना दिल्या, पट्टी कशी दाबायची, मान कशी धरायची. ॲम्ब्युलन्स फाटकाशी आल्याचं वॉचमन सांगत होता.

“पोरी,” अण्णांचा आवाज आला. “आहेस का?”

“आहे अण्णा.”

“माझ्या पुढं जे होते, त्यांचं झालं का? बरे आहेत ना?”

खोलीतले सगळे ऐकत होते. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं, पाहुण्यांना बरं वाटलं असतं, यशोवर्धनच्या कंपनीलाही. सुखदाने स्पीकरकडे तोंड नेलं.

“तुमच्या पुढे कुणी नव्हतं अण्णा. जागा रिकामी होती. तुमचा नंबर केव्हाच आला होता. आमच्या प्रोग्राममध्ये चूक होती, आणि ती मी केलेली होती.”

पलीकडे कुणीतरी स्ट्रेचरचे पट्टे आवळत होतं. सुखदा शिव्यांची वाट पाहत राहिली. त्या तिला हव्याच होत्या.

“कुणीच न्हवतं?” अण्णा म्हणाले. आणि त्यांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तो पेटीतून, एवढ्या अंतरावरून, साऱ्या खोलीला ऐकू आला. “बरं झालं बाई. इतका वेळ लागला म्हणताना मला वाटलं, माझ्याहून वाईट हालत असंल कुणाची तरी. पडल्या पडल्या देवाला तेच सांगत होतो. म्हटलं, माझं र्‍हाऊ दे, आधी त्यांचं बघ.”

सुखदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सगळ्यांदेखत रडायला लागली. स्ट्रेचर दाराबाहेर नेल्याचा आवाज आला, आणि मग पेटीतून काहीच आलं नाही.